पुलाच्या शेवटच्या पायरीपासून १५० मीटर

दादरला पश्चिमेकडे पुलावरून उतरताना शेवटची पायरी ही कायद्याची हद्द आहे, हे तिथून रोज उतरणाऱ्या बहुतेकांच्या गावीही नसतं. त्या पायरीवर टोपली मांडून लिंबं-मिरच्या विकणारी बाई रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४४ खाली गुन्हा करत असते. त्यात दंड आहे, तुरुंगवासही आहे. तीच टोपली उचलून ती दोन पावलं पुढे रस्त्याच्या कडेला येऊन बसली की रेल्वे पोलिसांचा संबंध संपतो आणि महापालिकेचा सुरू होतो. इथे २०१४ चा पथविक्रेता कायदा तिच्या बाजूने काहीतरी बोलतो. पायरीवर तो गप्प असतो, कारण रेल्वेच्या मालकीची जमीन, इमारती आणि गाड्या त्याने पहिल्याच कलमात वगळल्या आहेत.

या दोन पावलांच्या पुढे काय झालं, त्याचं हे प्रकरण. कालखंड मुख्यतः २०१७ च्या सप्टेंबरपासून पुढचा. जागा दादर पश्चिम: सेनापती बापट मार्ग, केशवसुत पूल, डिसिल्व्हा रोड, रानडे रोडचं तोंड, छबिलदासची गल्ली. ठाणे, बोरिवली, घाटकोपर यांपैकी कुठलंही स्थानक घेतलं असतं तरी चाललं असतं. दादर घेतलं, कारण तिथल्या पदपथावर मी आयुष्यातला बराच वेळ घालवला आहे, बहुतेक वेळा कुणाच्या तरी पाठीमागे अडकून.

पूल आणि फूल

२९ सप्टेंबर २०१७, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी साडेदहाच्या सुमाराला जोराचा पाऊस आला आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या, म्हणजे आताच्या प्रभादेवीच्या, अरुंद पादचारी पुलावर माणसं आडोशाला थांबली. गाड्या येत राहिल्या, माणसं चढत राहिली, उतरणारं कुणी नव्हतं. दसऱ्याचा बाजार असल्याने फुलांचे भारे घेतलेली माणसंही त्या गर्दीत होती. कुणाचं तरी फूल पडलं, ते ‘पूल पडला’ असं ऐकू गेलं, असं वाचलेल्यांपैकी काहींनी नंतर सांगितलं. २३ माणसं गेली.

पुलाची रुंदी, पाऊस, वर्षानुवर्षं वाढलेली गर्दी आणि न झालेला दुसरा पूल ही या दुर्घटनेची कारणं. (तो दुसरा पूल पुढे लष्कराने बांधून दिला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तो सुरू झाला. तो इतक्या झटपट होऊ शकतो हे कळायला २३ जीव जावे लागले.) पण शहराचा राग वळला फेरीवाल्यांकडे. ५ ऑक्टोबरला राज ठाकरे यांनी चर्चगेटला मोर्चा नेऊन रेल्वेला पंधरा दिवसांची मुदत दिली. मुदत संपल्यावर २१ ऑक्टोबरला मनसेच्या कार्यकर्त्यांनी ठाण्यासह काही स्थानकांबाहेर फेरीवाल्यांचा माल उधळला. मालकाला जाब विचारता येत नसला की दारात बसलेल्याला उठवायचं, तसला हा प्रकार. तरी एक गोष्ट कबूल करायला हवी. स्थानकातून बाहेर पडायला रोज दहा-दहा मिनिटं धक्के खाणाऱ्या माणसाला ते दृश्य पाहून मनातून बरं वाटलं होतं, आणि अशी माणसं लाखांनी होती.

१ नोव्हेंबर २०१७ ला मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला. फेरीवाल्यांच्या संघटनांच्या याचिकांवर न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने सांगितलं की रेल्वे स्थानकं आणि महापालिकेच्या मंडया यांपासून १५० मीटरच्या आत, तसंच शाळा-महाविद्यालयं, रुग्णालयं आणि प्रार्थनास्थळं यांपासून १०० मीटरच्या आत फेरीवाल्यांना बसता येणार नाही. पादचारी पुलांवर तर नाहीच. बसायचं ते ठरवून दिलेल्या फेरीवाला क्षेत्रातच. सर्वेक्षण पूर्ण झालेलं नाही एवढ्या आधारावर कुठेही बसण्याचा हक्क सांगता येणार नाही.

वर्तमानपत्रांनी हा नवा नियम असल्यासारखा छापला. नवा तो नव्हताच. हेच १०० आणि १५० मीटर सर्वोच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २००३ ला मुंबईच्याच प्रकरणात, महाराष्ट्र एकता हॉकर्स युनियनच्या खटल्यात, घालून दिले होते. एक मीटर बाय एक मीटर जागा, पदपथाच्या एकाच बाजूला. दुकानांची आणि घरांची वाट अडवायची नाही. सकाळी ७ ते रात्री १०. टेबल, स्टँड, बांधकाम नाही, हातगाडी नाही, ऊन-पावसापासून माल झाकता येईल इतकंच. आरे-सरिताच्या दूधकेंद्रांना यातून सूट. त्या अटींचं मूळही आणखी मागे, १९८५ च्या बॉम्बे हॉकर्स युनियनच्या निकालापर्यंत जातं. म्हणजे मुंबईच्या पदपथाचा नियम तीन दशकं न्यायालयातच लिहिला जात होता. विधिमंडळ आणि महापालिका तो फक्त उतरवून घेत होत्या.

टेपने मोजलेला बाजार

निकालानंतर महापालिकेची माणसं मोजायला निघाली आणि स्थानकांबाहेर हद्दीच्या रेषा रंगवल्या गेल्या. आता दादरला हे मोजून पाहा.

१५० मीटर कुठून? स्थानक म्हणजे तिकीटघर, पुलाची पायरी, की रेल्वेच्या कुंपणाची भिंत? फलाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडीचशे मीटरच्या वर लांब. पायरीपासून मोजलं तर अर्धवर्तुळ होतं, कुंपणापासून मोजलं तर सेनापती बापट मार्गाचा लांबच लांब पट्टा त्यात जातो. त्यात छबिलदास शाळा. तिच्याभोवती १०० मीटरचं दुसरं वर्तुळ. मीनाताई ठाकरे फूल मंडई महापालिकेची, तिच्याभोवती १५० मीटरचं तिसरं. कबुतरखान्याकडे सरकलात तर देवळं, त्यांची चौथं-पाचवं वर्तुळं. ही सगळी एकावर एक ठेवली की दादर पश्चिमेला जिथे जिथे गिऱ्हाईक पायी चालतं, तो जवळजवळ सगळा भाग झाकला जातो. मोकळ्या राहतात त्या आतल्या निवासी गल्ल्या. तिथे संध्याकाळी सातला कुत्रंही मेथी विकत घेत नाही.

विक्रेता स्थानकाबाहेर बसतो यात हट्ट नाही, हिशोब आहे. वसई-विरारकडून पहाटेच्या गाडीने पाट्या घेऊन येणारी बाई जिथे उतरते, तिथेच विकते. संध्याकाळी नोकरीवरून परतणारी बाई ज्या पुलावरून उतरते, त्याच्या पायथ्याशी घेते.

“मावशी, मेथी कशी दिली?”

“वीसला जुडी. दोन घे बाळा, पस्तीसला देते, मला सात-वीसची पकडायचीय.”

दोघींनाही गाडी पकडायची असते. या सौद्याला मंडईच्या पहिल्या मजल्यावरचा गाळा देऊन पाहा. मुंबईने तो प्रयोग अनेकदा केला आहे, आणि गाळे रिकामे टाकून माणसं पुन्हा खाली येऊन बसलेली आहेत.

कायदा काय म्हणतो

संसदेने २०१४ मध्ये केलेल्या कायद्याचं नाव लांबलचक आहे: पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम. १ मे २०१४ पासून तो लागू झाला. हा मेथीचा सौदा त्याला नीट समजला होता, असं वाचताना जाणवतं. त्यात ‘नैसर्गिक बाजार’ अशी व्याख्याच आहे: विकणारे आणि घेणारे परंपरेने जिथे जमतात ती जागा. पहिल्या अनुसूचीत तर असं लिहिलंय की असा बाजार सर्वेक्षणात नोंदला गेला तर तिथे विक्रीबंदी क्षेत्र जाहीर करता येणार नाही. नुसती गर्दी आहे हे बंदीचं कारण होऊ शकत नाही. आणि सर्वेक्षण होऊन पथविक्री आराखडा तयार होत नाही तोवर कुठलंच क्षेत्र विक्रीबंदीचं जाहीर करता येणार नाही.

आता हे एका हातात घ्या आणि १५० मीटरची रेषा दुसऱ्या हातात. एका बाजूला कायदा म्हणतो आराखड्याआधी बंदी नाही. दुसऱ्या बाजूला न्यायालय म्हणतं आराखडा येईपर्यंत आमच्या जुन्या अटी लागू. दोन्ही वाक्यांत ‘तोवर’ आहे. दादरच्या पदपथावर बारा महिने चोवीस तास हाच ‘तोवर’ चालू असतो.

कायद्याने दुसरंही संरक्षण दिलंय. कलम ३ म्हणतं की सर्व विद्यमान विक्रेत्यांचं सर्वेक्षण करा, ते दर पाच वर्षांनी पुन्हा करा, आणि सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणालाही हटवू नका. प्रमाणपत्र द्यायचं, जागा ठरवायची, नैसर्गिक बाजार कोणता हे सुचवायचं, आराखड्यावर मत द्यायचं, ही सगळी कामं नगर पथविक्रेता समितीच्या वाटेने जातात. त्या समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी आपल्यातून निवडून दिलेले हवेत आणि त्यातल्या एक तृतीयांश स्त्रिया.

माझ्या मते या प्रकरणाचा खरा गुंता इथे आहे. फेरीवाले विरुद्ध पादचारी अशी भांडणाची मांडणी वर्षानुवर्षं होते, दूरचित्रवाणीवर तर तीच होते. पण फेरीवाल्याचा हक्क, पादचाऱ्याची वाट आणि दुकानदाराचं दार, या तिन्हींचं मोजमाप ज्या एका मोजणीवर आणि ज्या एका समितीवर टांगलेलं आहे, ती मोजणी अर्धवट आणि ती समिती अपुरी राहिली. बाकी सगळा गोंगाट त्याच्यावरचा आहे.

अर्धवट मोजणी

मुंबई महापालिकेने १९७८ नंतर नवे परवाने देणं जवळजवळ थांबवलं. परवानाधारक राहिले साधारण पंधरा हजार, तेही वयाने उतरत गेलेले. प्रत्यक्षात किती बसतात? १९९० च्या दशकाच्या अखेरीस टाटा समाजविज्ञान संस्था आणि ‘युवा’ ही स्वयंसेवी संस्था यांनी केलेल्या पाहणीत महापालिकेच्या जागेवर सुमारे एक लाख विक्रेते आढळले होते. २०१४ मध्ये महापालिकेने स्वतः सर्वेक्षण केलं, १ लाख २८ हजारांच्या आसपास अर्ज वाटले आणि ९९,४३५ भरून परत आले. पंधरा-सोळा वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन मोजण्या जवळपास एकाच आकड्यावर येतात.

कायद्यात शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्या असं म्हटलंय. २०११ च्या जनगणनेप्रमाणे बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. अडीच टक्के म्हणजे तीन लाखांच्या वर. अर्ज होते त्याच्या एक तृतीयांशाहून कमी. तेव्हा संख्या कायद्याच्या मर्यादेबाहेर गेली म्हणून गाडं अडलं, असं कुणाला म्हणता येणार नाही.

अडलं ते कागदांवर. कायदा राबवायचे राज्याचे नियम २०१६ चे, योजना २०१७ ची. अधिवास प्रमाणपत्राची अट आली. अर्जांची छाननी वर्षानुवर्षं चालली. रस्ते ठरवले, हरकती आल्या, रस्ते बदलले. शिवाजी पार्कापासून अंधेरीपर्यंत प्रत्येक वस्तीचं म्हणणं एकच होतं: फेरीवाले हवेत, भाजी तर रोज लागते, पण फेरीवाला क्षेत्र आमच्या गल्लीत नको. समितीतल्या फेरीवाला प्रतिनिधींसाठी मतदान झालं २९ ऑगस्ट २०२४ ला, म्हणजे कायदा लागू झाल्यावर दहा वर्षांनी. मतदारयादीत नावं ३२,४१५. भरून आलेल्या अर्जांचा हा जेमतेम तिसरा हिस्सा.

ज्यांचं नाव त्या यादीत नाही ते घरी गेले का? संध्याकाळी पुलावरून उतरून बघा.

पदपथावर आणखी कोण उभं आहे

आता ज्याच्याविषयी या प्रकरणात कुणी फारसं बोलत नाही, त्याच्याकडे वळू. पदपथाला लागून असलेल्या इमारतीचा मालक, सोसायटी आणि तळमजल्यावरचा गाळेवाला.

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधली कलमं ३१२ ते ३१४ वाचली तर त्यात ‘फेरीवाला’ एकटा दिसत नाही. ३१२ म्हणतं रस्त्याला अडथळा होईल असं बांधकाम वा जोडकाम करू नका. ३१३ म्हणतं रस्त्यावर वस्तू ठेवू नका. ३१३-अ रस्त्यावर विक्रीसाठी परवाना मागतं. आणि ३१४ आयुक्तांना अधिकार देतं की यांचा भंग करून उभारलेलं, ठेवलेलं किंवा विकायला मांडलेलं काहीही विनासूचना हटवता येईल. दुकानाच्या शटरबाहेर दोन फूट आलेला ओटा, दारासमोर उभा केलेला पुतळा आणि त्याच्या अंगावरचा कुर्ता, पदपथावर लोंबणारी पिशव्यांची माळ, चढत्या पायऱ्या, गाडी आत घेण्यासाठी सोसायटीने पदपथ फोडून केलेला उतार: हे सगळं त्याच कलमांखाली येतं. हातोडा मात्र बहुतेक वेळा एकाच दिशेने पडतो. कारण साधं आहे. टोपली उचलायला दोन माणसं आणि एक ट्रक पुरतो. ओटा तोडायला मोजणी लागते, नोटीस लागते आणि गाळेवाल्याचा वकील तयार असतो.

गणित करून पाहू. पदपथ तीन मीटर रुंद धरा. दादरला इतका सरसकट नाही, तरी धरा. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या पादचाऱ्यांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदी आणि डोक्यावर २.२ मीटर उंची मोकळी हवी असं आहे, बाजारपेठेत त्याहून अधिक. तीनातून फेरीवाल्याचा न्यायालयमान्य एक मीटर वजा केला तर दोन उरतात. नियमात बसतं! आता त्याच्यासमोर उभ्या गिऱ्हाइकाला अर्धा-पाऊण मीटर द्या. दुसऱ्या बाजूने दुकानाचा ओटा आणि पुतळा अर्धा मीटर. दुकानापुढे उभं राहून ‘यात निळा आहे का’ विचारणाऱ्या माणसाला आणखी अर्धा. चालायला उरलं पाव मीटर, फार तर अर्धा. त्यात झाडाचा पार, विजेची पेटी आणि कुणाची तरी दुचाकी. म्हणून माणूस रस्त्यावर उतरतो आणि बसचालक त्याला शिव्या घालतो. या गणितात फेरीवाला पूर्ण उठवला तरी दुकानाने खाल्लेला एक मीटर परत मिळत नाही. तो नियमाप्रमाणे बसला आणि गाळेवाला आपल्या उंबऱ्याच्या आत राहिला, तर मात्र मिळतो, आणि चालायला सव्वा ते दीड मीटर उरतात.

या दोघांत नेहमी वैरच असतं असंही नाही. दुकानासमोरची जागा फेरीवाल्याला ‘सांभाळायला’ देऊन त्याच्याकडून महिन्याला पैसे घेणारे गाळेवाले आहेत. जी जागा आपली नाही ती भाड्याने देण्याचा हा धंदा मुंबईला नवा नाही. ज्याच्याकडून पैसे मिळत नाहीत तो अतिक्रमण, ज्याच्याकडून मिळतात तो ‘आपला माणूस’.

मालकाची जबाबदारी कुठवर, याबाबत आपल्याकडे समज धूसर आहे. न्यूयॉर्कमध्ये २००३ पासून शहराच्या संहितेने पदपथाची जबाबदारी शेजारच्या मिळकतधारकावर टाकली आहे. मालक स्वतः राहत असलेली, फक्त निवासासाठी वापरलेली एक ते तीन कुटुंबांची घरं तेवढी सुटतात. तुटलेल्या फरशीला पाय अडकून कुणी पडलं तर दावा घरमालकावर. मुंबईत तसं नाही. पदपथ बांधणं, राखणं, मोकळा ठेवणं हे महापालिकेचं काम. सोसायटीने कौतुकाने समोर कुंड्या ठेवल्या तर ते सुशोभीकरण नाही, ३१३ चा भंग आहे. फेरीवाला बसू नये म्हणून मोठ्या कुंड्या ठेवायची युक्ती अनेक सोसायट्या करतात. पादचाऱ्याच्या दृष्टीने कुंडी आणि टोपली सारखीच, फक्त कुंडी रात्री दहाला घरी जात नाही.

पण पदपथाच्या बाजूची भिंत, सज्जा, छज्जा हे मालकाचंच. ३० वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणं कलम ३५३-ब खाली मालकावर, सोसायटीवर बंधनकारक आहे. धोकादायक ठरलेल्या बांधकामाला ३५४ खाली नोटीस येते. दादरसारख्या जुन्या भागात हे पोकळ बोलणं नाही. पावसाळ्यात सज्ज्याचा तुकडा पडतो तो खाली बसलेल्या भाजीवालीच्या नाहीतर चालणाऱ्याच्या डोक्यावर. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये, दिल्लीच्या चांदनी चौकातला घंटाघर कोसळल्याच्या प्रकरणात, सांगून ठेवलंय की रहदारीच्या रस्त्यालगतची इमारत धोकादायक झाली असेल तर ‘आम्हाला दोष माहीत नव्हता’ ही मालकाची सबब चालणार नाही. त्या प्रकरणात मालक होती दिल्ली महापालिकाच.

तेव्हा खाली बसलेल्यांविरुद्ध तक्रार लिहिणाऱ्या सोसायटीने आधी मान वर करून आपला सज्जा पाहावा. सोसायटीच्या सभेत मी हे एकदा बोलून दाखवलं. सेक्रेटरींनी चहा मागवला आणि विषय पुढच्या सभेवर गेला.

“गाडी आली!”

रोजच्या व्यवहारात कायदा दिसतो तो या आरोळीत. सेनापती बापट मार्गाच्या एका टोकाला कुणी ओरडलं की दुसऱ्या टोकापर्यंत अर्ध्या मिनिटात चादरींची गाठोडी होतात. इमारतींचे जिने, दुकानांचे मागचे दरवाजे, पुलाखालच्या सांदी माणसांनी आणि मालाने भरतात. अतिक्रमण निर्मूलनाचा ट्रक येतो, सापडलं ते उचलतो, जातो. दहा मिनिटांत चादरी पुन्हा पसरतात. मधल्या दहा मिनिटांत पदपथ मोकळा असतो, तेव्हा तो किती रुंद आहे हे पाहून दरवेळी नवल वाटतं.

उचललेल्या मालाचं काय व्हावं हेही कायद्यात आहे. कलम १९ प्रमाणे जप्तीच्या वेळी मालाची यादी करायची, सही करून प्रत विक्रेत्याला द्यायची. मागणी आल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि टिकाऊ माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत द्यायचा, योजनेतलं शुल्क घेऊन. कोथिंबिरीची जुडी दोन दिवसांनी परत मिळून उपयोग नाही, एवढं ज्याने हे कलम लिहिलं त्याला कळत होतं. पळापळीत यादी कोण करणार? आणि ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही, तो कार्यालयात जाऊन ‘माझा माल’ म्हणायला धजत नाही. तक्रार ऐकायला निवृत्त दिवाणी न्यायाधीश किंवा दंडाधिकारी यांच्या अध्यक्षतेखालची समितीही कायद्यात आहे. मी जितक्या विक्रेत्यांशी बोललो त्यांपैकी एकानेही तिचं नाव ऐकलेलं नव्हतं.

एकच अनुच्छेद, दोन माणसं

१९८५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या पदपथांविषयी एका आठवड्यात दोन निकाल दिले, दोन्हींत सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड होते. ३ तारखेचा फेरीवाल्यांचा, १० तारखेचा पदपथावर राहणाऱ्यांचा, जो ओल्गा टेलिस म्हणून ओळखला जातो. दुसऱ्याची सुरुवात १९८१ च्या पावसाळ्यात अंतुले सरकारने पदपथवासीयांना हटवायला काढलेल्या आदेशातून झाली होती. न्यायालय म्हणालं, अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्कात उपजीविका आहे. त्याच निकालात हेही म्हणालं की पदपथ चालणाऱ्यांसाठी आहे आणि त्यावर घर करण्याचा हक्क कुणालाच नाही. कलम ३१४ घटनाबाह्य ठरलं नाही. ‘विनासूचना’ हटवण्याचा अधिकार आहे म्हणजे तो दरवेळी तसाच वापरावा असं नाही, एवढी मेख मारली गेली. १९८९ मध्ये सोदान सिंग प्रकरणात रस्त्यावर व्यापार करण्याचा हक्क अनुच्छेद १९ मध्ये बसवला गेला, पण अमुकच जागेवर बसण्याचा हक्क नाही हेही सांगितलं गेलं.

आणि १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने, रस्ते सुरक्षेच्या प्रकरणात, अडथळामुक्त पदपथ हा पादचाऱ्याचा अनुच्छेद २१ खालचा हक्क आहे असं सांगून राज्यांना त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं आखायला लावली. त्या खंडपीठावर न्यायमूर्ती अभय ओक होते, २०१७ च्या मुंबईच्या निकालातलेच. चाळीस वर्षांत एकाच अनुच्छेदावर टोपलीवालीही उभी राहिली आणि तिच्यासमोरून वाट काढणारी बाईही. दोघी कित्येकदा एकाच गाडीने विरारला जातात.

या दोन हक्कांत कुणाचा वरचढ, हे न्यायालयाला वारंवार विचारलं जातं. त्याला खरं तर टेप आणि यादी लागते: या गल्लीत पदपथ किती रुंद, मालकांच्या हद्दी कुठे संपतात, किती गाळेवाले बाहेर आलेत, ते आत गेले तर एक बाय एकच्या किती जागा बसतात, आणि त्या कुणाच्या. हे काम समितीचं आहे, न्यायमूर्तींचं नाही.

कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत एक ओळ आहे. ज्या नैसर्गिक बाजारात पन्नास वर्षांहून अधिक काळ विक्री चालू आहे तो वारसा बाजार जाहीर करायचा आणि तिथल्या विक्रेत्यांना स्थलांतरित करायचं नाही. दादरला हे सिद्ध करायला कागद कुठला आणायचा? मागे एके काळी महापालिका रस्त्यावर बसणाऱ्यांकडून रोज कचरा उचलण्याचं शुल्क घेऊन पावती देत असे, पाच-दहा रुपयांची. परवाना देत नव्हती, पण पावती देत होती. त्या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून अजून जपून ठेवलेल्या बायका केशवसुत पुलाखाली बसतात. एकीने मला तिची पिशवी उघडून दाखवली होती. शाई उडालेली, कडा हळदीने पिवळ्या झालेल्या. “बघून घे,” ती म्हणाली, “आणि समितीचं हाफिस कुठं हाय ते तेवढं सांग.”